कोड बरोबर होता

जुना कोड उघडायचा, दोन मिनिटं वर-खाली करायचा आणि "काय लिहून ठेवलंय हे!" म्हणत कपाळाला हात लावायचा, ही आमच्या धंद्यातली फार जुनी सवय आहे. मला ती अजिबात आवडत नाही. त्यात उद्धटपणा आहे हे तर झालंच, पण खरं कारण वेगळं आहे. असं म्हणणाऱ्या माणसाला आपलं काम नेमकं काय आहे हेच अजून उमगलेलं नसतं. समोरचा कोड वाईट असेलही. पण तसं ठरवण्याआधी तो कोणत्या परिस्थितीसाठी लिहिला होता हे शोधावं लागतं, आणि ते शोधणं, जपणं, पुढच्या माणसाच्या हाती देणं हेच सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आहे, असं माझं आता ठाम मत झालंय.

टीममध्ये नव्यानेच आलेल्या एका मुलीने परवा विचारलं, "पण हे खरंच इंजिनिअरिंग आहे का? बाकीच्या इंजिनिअरांकडे सूत्रं असतात, कोष्टकं असतात, मानकं असतात. आपल्याकडे काय आहे?" उत्तर लांबणार होतं, म्हणून ते इथे लिहितेय.

प्रश्न जुनाच आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या विज्ञान समितीच्या पुढाकाराने एक परिषद भरली होती. मोठमोठे प्रकल्प लांबत होते, खर्च हाताबाहेर जात होता आणि हाती आलेली सिस्टिम भरवशाची नसायची. परिषदेचं नाव 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' ठेवलं ते मुद्दाम, लोकांना डिवचायला. इतर इंजिनिअरिंग शाखांना जसा सिद्धांताचा पाया आणि कामाची शिस्त असते तशी इथेही हवी, असं आयोजकांना म्हणायचं होतं. मागणी अगदी योग्य होती. पण पाया शोधताना आपण पुढची कित्येक वर्षं पूल बांधणाऱ्यांकडे बघत राहिलो. आधी गरजांचं जाडजूड बाड तयार करायचं, त्यावर सह्या घ्यायच्या, मग डिझाइन, मग 'बांधकाम' म्हणजे कोडिंग, आणि सरतेशेवटी टेस्टिंग.

यात गफलत कुठे आहे ते जॅक रीव्ह्ज या प्रोग्रामरने १९९२ मध्ये एका लेखात नेमकं दाखवलं. सॉफ्टवेअरमधलं बांधकाम कंपायलर (लिहिलेल्या कोडचं यंत्राला चालवता येईल असं रूपांतर करणारा प्रोग्राम) करतो, आणि ते जवळजवळ फुकटात उरकतं. माणूस जे काही करतो ते सगळं, अगदी शेवटच्या सेमीकोलनपर्यंत, डिझाइनच असतं. म्हणजे डिझाइन वरच्यांनी करायचं आणि कोडिंग कुणाच्याही गळ्यात घालायचं, ही वाटणी इथे लागूच पडत नाही. मी ती अनेक प्रकल्पांत होताना पाहिली आहे. आराखड्यात कुणालाही न सुचलेले अवघड निर्णय दरवेळी कोड लिहिणाऱ्यालाच घ्यावे लागले, आणि ते त्याने मुकाट्याने घेतले, कारण ते निर्णय आहेत हेच कुणी धरत नव्हतं. अशा निर्णयांची नोंद कुठेच राहत नाही. याचं काय होतं, ते पुढे येईलच.

पुलाशी आणखी एका बाबतीत फारकत होते, आणि ती जास्त मूलभूत आहे. लोखंडी तुळई थोडी जाड घेतली की ती थोडी जास्त मजबूत होते. भार थोडा वाढला की ती थोडी जास्त वाकते, आणि वाकलेली दिसते. म्हणून लागते त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमता धरून ठेवणं शक्य होतं. कोडमध्ये हे 'थोडं' मिळत नाही. एक बिट (शून्य किंवा एक एवढाच अंक) इकडचा तिकडे झाला की प्रोग्राम थोडासा चुकेल याची काहीच खात्री नसते, तो एकदम भलतंच काही करून बसू शकतो. दोन ३२-बिट संख्या घेणारं एखादं साधं फंक्शन घ्या. त्याला देता येणाऱ्या जोड्या २ चा ६४ वा घात इतक्या. सेकंदाला १ अब्ज जोड्या तपासत बसलो तरी सगळ्या संपायला ५८४ वर्षं लागतील, आणि हे झालं एका फंक्शनचं. टेस्टिंगने बग (चुका) आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही, असं डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा सांगायचे ते याचसाठी.

मग आपण भरवसा ठेवतो तो कशावर? गृहीतकांवर. हा आकडा एवढ्याच्या वर जाणार नाही. फाइल पूर्ण लिहून झाल्यावरच आपल्याला दिसेल. एका ग्राहकाचा एकच पत्ता असेल. हे दोन मेसेज याच क्रमाने येतील. कोडची प्रत्येक ओळ अशा डझनभर गोष्टी मानून चाललेली असते, आणि त्यातल्या फार थोड्या कुठे लिहिलेल्या असतात.

एरियान ५ चं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, आणि थोडं सविस्तर सांगते, कारण ते सहसा अर्धवट सांगितलं जातं. ४ जून १९९६ रोजी हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि उड्डाणाच्या प्रक्रियेला जेमतेम ४० सेकंद होतात तोच आकाशात फुटलं. ६४-बिट फ्लोटिंग पॉइंट (दशांशाची) संख्या १६-बिट पूर्णांकात बदलताना ती मावली नाही, हे कारण सगळ्यांना ठाऊक असतं. ते ऐकून लोक म्हणतात, "एवढी साधी चूक?" पण ती साधी नव्हती, आणि नेहमीच्या अर्थाने चूकही नव्हती. तो कोड एरियान ४ मधून घेतलेला होता आणि तिथे त्याने वर्षानुवर्षं बिनतक्रार काम केलं होतं. असं रूपांतर होणारी सात व्हेरिएबल्स (नावं दिलेली, बदलती मूल्यं) धोक्याची आहेत हे त्या इंजिनिअरांनी स्वतः विश्लेषण करून शोधलं होतं. त्यातल्या चारांना संरक्षण दिलं, तीन तशीच ठेवली. कॉम्प्युटरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि ती तीन मूल्यं एकतर भौतिकदृष्ट्या मर्यादित होती किंवा त्यांच्यात भरपूर वाव होता. एरियान ४ च्या मार्गासाठी हे अगदी खरं होतं. एरियान ५ सुरुवातीलाच आडव्या दिशेने कितीतरी जास्त वेग घेत असे. त्या तिघांतलं एक मूल्य मर्यादेबाहेर गेलं, कोणीही न पकडलेलं एक्सेप्शन (काहीतरी बिघडल्याचा प्रोग्राममधला इशारा) उठलं आणि दिशा सांगणारा कॉम्प्युटर बंद पडला. त्याचा जोडीदार, म्हणजे ऐनवेळी मदतीला ठेवलेला दुसरा कॉम्प्युटर, क्षणभर आधी त्याच कारणाने बंद पडला होता. दोघांतही तोच कोड होता ना! यंत्राचा भाग नादुरुस्त झाला तर दुसरा तयार असावा, हा विचार बरोबरच. पण विचारातच गडबड असेल तर दोन्हीकडे तीच असणार.

सर्वांत चटका लावणारी बाब ही की तो हिशोब तेव्हा चालू असण्याचीच गरज नव्हती. एरियान ५ मध्ये उड्डाणानंतर त्याचा काहीच उपयोग नव्हता. जुन्या रॉकेटची उलटी गणती शेवटच्या क्षणी थांबली तर ती लवकर परत सुरू करता यावी म्हणून तो उड्डाणानंतरही काही सेकंद चालू ठेवलेला होता, आणि ते तसंच पुढे आलं. जुलै १९९६ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला. त्यातलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: तीन व्हेरिएबल्सना संरक्षण न देण्याचं कारण सोर्स कोडमध्ये कुठेही सापडलं नाही. निर्णय सगळ्यांच्या संमतीने झाला होता, पण कागदपत्रांच्या ढिगात तो असा गाडला गेला की बाहेरून तपासणाऱ्याला दिसलाच नसता.

कोड बरोबर होता. तो ज्या जगासाठी बरोबर होता ते जग बदललं, आणि बरोबर असण्याची अट कोडसोबत गेली नाही. सॉफ्टवेअर झिजत नाही, गंजत नाही, आणि तरी काहीही हात न लावता बिघडतं ते असं.

संगणकशास्त्रज्ञ मॅनी लेहमन यांनी सत्तरच्या दशकात आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्यांचा अभ्यास करून हेच सांगितलं होतं. वापरात असलेला प्रोग्राम सतत बदलत राहावा लागतो, नाहीतर तो हळूहळू कुचकामी होत जातो. वापरामुळेच आजूबाजूचं जग बदलतं हेही त्यात आलं. लोकांच्या हाती नवी सिस्टिम दिली की ते कामाची पद्धत बदलतात, आणि मग जुन्या पद्धतीवर बेतलेली सिस्टिम अपुरी पडू लागते. म्हणूनच 'मेंटेनन्स' हे दुय्यम, कंटाळवाणं काम समजणाऱ्यांशी मी वाद घालते. पहिली आवृत्ती लिहून झाली की खरं काम सुरू होतं. माझ्या तर बऱ्याच वर्षांच्या नोकरीत कोऱ्या पानावर सुरुवात करायची वेळ अगदी मोजक्या वेळा आली.

आता आमच्याकडचाच एक प्रसंग. आमची एक सिस्टिम बाहेरच्या अनेक संस्थांकडून रोज व्यवहारांच्या फाइली उचलते. त्या कोडमध्ये तीन ओळी होत्या: फाइल सापडली पण तिचा आकार शून्य असेल, तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीला, आलेल्या एका बदलात त्या काढून टाकल्या होत्या. बदल करणाऱ्याने लिहिलं होतं, "अनावश्यक प्रतीक्षा. फाइल रिकामी असेल तर त्या दिवशी व्यवहारच नाहीत." तर्क सरळ होता आणि सगळ्या टेस्ट पास होत होत्या. मी मान्यता देण्याआधी त्या ओळी कुणी आणि कधी घातल्या ते पाहिलं. कमिटचा मेसेज, म्हणजे बदल नोंदवताना लिहायची टीप, एका शब्दाचा: "फिक्स." लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला.

मग शोध सुरू झाला. त्या तारखेच्या आसपासची जुनी तिकिटं (तक्रारी आणि कामांच्या नोंदी) चाळली, तेव्हा कळलं की एक संस्था आधी रिकामी फाइल तयार करायची आणि मग तिच्यात एकेक नोंद भरत जायची. आमचा प्रोग्राम नेमका मधल्या क्षणी पोचला की त्याला शून्य आकार दिसायचा, तो "आज काही नाही" असं समजून पुढे जायचा आणि एका संपूर्ण दिवसाचे व्यवहार गळायचे. आम्ही त्या संस्थेच्या टीमला विचारलं. त्यांनी सांगितलं, आता तसं होत नाही. आता फाइल तात्पुरत्या नावाने लिहितात आणि पूर्ण झाल्यावरच तिचं नाव बदलतात, म्हणजे ती दिसते तेव्हा पूर्णच असते. मग तर ओळी काढायला हरकत नव्हती. तरी एकेक करून बाकीच्यांनाही विचारायचं ठरवलं, आणि एक छोटी संस्था अशी निघाली जी अजूनही जुन्याच पद्धतीने फाइल भरत होती.

ओळी काढायला मिनिटभर लागलं असतं. त्यांच्यामागचं कारण शोधायला जवळजवळ आठवडा गेला. शेवटी आम्ही त्या ओळी सगळ्यांसाठीच्या सामाईक कोडमधून काढल्या आणि फक्त त्या एका संस्थेची फाइल वाचणाऱ्या मॉड्यूलमध्ये (प्रोग्रामच्या वेगळ्या भागात) ठेवल्या. वर टिपणी लिहिली: कारण काय, हे कुणासाठी आहे, आणि काय बदललं की या ओळी काढायच्या. एक टेस्टही लिहिली, जी आधी रिकामी आणि मग भरलेली फाइल समोर ठेवते. आता कुणी त्या ओळी काढल्या तर टेस्ट लाल, म्हणजे नापास, होईल.

'आपल्याकडे काय आहे?' या प्रश्नाचं उत्तर मला या प्रसंगात दिसतं. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडलं की प्रोग्रामचे भाग पाडताना कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नका. जे निर्णय अवघड आहेत किंवा पुढे बदलण्याची शक्यता आहे, त्यातला एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत लपवा. म्हणजे निर्णय फिरला तरी झळ एकाच जागी लागते. आम्ही त्या तीन ओळींचं नेमकं हेच केलं. हे सूत्रासारखं आकड्यांत मांडता येत नाही, पण ते तत्त्व आहे, शिकवता येतं, आणि पाळलं नाही तर काय होतं तेही दाखवता येतं. टाइप (मूल्य कोणत्या प्रकारचं आहे ते) म्हणजे कंपायलरला तपासता येईल अशा रीतीने लिहिलेलं गृहीतक. टेस्ट म्हणजे चालवून बघता येईल असं गृहीतक. असर्शन (कोडमध्येच लिहिलेली अट) म्हणजे मोडलं की आरडाओरडा करणारं गृहीतक. कमिट मेसेज म्हणजे माणसासाठी लिहिलेलं, आणि यातलं सर्वांत दुर्लक्षित हेच.

गणिती सिद्धता नाहीत का? आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. एसईएल४ नावाच्या मायक्रोकर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या छोट्या गाभ्याची) सिद्धता २००९ मध्ये पूर्ण झाली. सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळी, आणि त्या आपल्या स्पेसिफिकेशनप्रमाणेच (कसं वागायचं याच्या वर्णनाप्रमाणेच) वागतात हे यंत्राकडून तपासून घेणारी सुमारे २ लाख ओळींची सिद्धता. त्या लोकांनी निकालाबरोबरच आपण काय मानून चाललोय तेही जाहीर केलं: कंपायलर बरोबर आहे, हार्डवेअर बरोबर आहे, असेंब्लीतला (यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेतला) भाग आणि बूट होतानाचा कोड बरोबर आहे. सिद्धतेइतकीच मला ती यादी आवडते. आपल्या शास्त्रातलं सर्वांत कडक काम करणारी माणसंही कशावर उभी आहेत ते स्पष्ट सांगतात.

कारण विसरलं की काय होतं याचं दुसरं टोक म्हणजे नाइट कॅपिटल. या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीला १ ऑगस्ट २०१२ पासून वापरायचा नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. तो सातांवरच चढला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (काहीतरी चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरात घेतला होता. त्या फ्लॅगने पूर्वी चालू होणारा प्रोग्राम वापरातून जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण तो काढून कुणीच टाकला नव्हता. त्या दिवशी आठव्या सर्व्हरवर तो जिवंत झाला आणि भराभर ऑर्डरी सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलर्सहून जास्त नुकसान झालं आणि कंपनीचं स्वतंत्र अस्तित्वच संपुष्टात आलं. मेलेला कोड ठेवू नये हे सगळेच सांगतात. मला त्यापलीकडचं दिसतं: कोणता कोड मेलाय हे ओळखायलाही त्याचं कारण ठाऊक असावं लागतं, आणि ते ठाऊक नसलं की माणसं घाबरून काहीच काढत नाहीत.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये याच्याही पुढे जाऊन म्हटलं की प्रोग्रामिंग म्हणजे मुळात कोड तयार करणं नव्हेच. प्रश्न आणि त्याचं उत्तर एकमेकांशी कसे जुळतात याची एक समज लोकांच्या डोक्यात तयार होणं, हे खरं काम. ती समज असलेली टीम पांगली की प्रोग्राम मेला, मग तो चालत का असेना. कागदपत्रांतून ती समज पूर्ण परत उभी करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी एवढी निराश नाही. तीन ओळींचं कारण आम्हाला सापडलं ते जुन्या तिकिटांतूनच. पण त्यांचा रोख खरा आहे. टीम बदलताना 'हँडओव्हर' म्हणून एक-दोन मीटिंगा ठेवतात, त्याने पासवर्ड पोचतात. समज पोचायला दोन माणसांनी एकाच बगवर शेजारी बसून काम करावं लागतं.

आता कोड यंत्रंही लिहू लागली आहेत, आणि लोक विचारतात की या कामाचं पुढे काय. मीही ती साधनं रोज वापरते. लिहिणं स्वस्त झालंय हे खरंच. पण त्या फाइलींच्या प्रसंगात लिहिणं कुठे होतं? जे लागलं ते "हे इथे का आहे?" असं विचारणं, बाहेरच्या टीमला गाठणं, एकाचं उत्तर आल्यावर बाकीच्यांकडेही चौकशी करणं. कोड जितका वेगाने तयार होईल तितकी कुणीच न तपासलेली गृहीतकं वेगाने साठतील. म्हणून रिव्ह्यूला आलेला बदल कुणी लिहिला यापेक्षा तो काय मानून चाललाय ते सांगता येतं का, हे मी आधी विचारते.

सध्या आमच्यापुढे २०३८ चा प्रश्न आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२-बिट साइन्ड (ऋण-धन दोन्ही मावणाऱ्या) पूर्णांकात मोजणाऱ्या सिस्टिममध्ये १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०३:१४:०७ च्या पुढचा सेकंद मावणार नाही. घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. लोकांना वाटतं अजून वेळ आहे. पण तीस वर्षांच्या मुदतीचे हिशोब करणाऱ्यांसाठी ती तारीख २००८ मध्येच येऊन गेली. आमच्या डेटाबेसच्या एका टेबलात मुदत संपण्याची तारीख अशाच रकान्यात आहे. रकाना रुंद करणं हे काम छोटं. तो कोण कोण वाचतं ते शोधणं हे मोठं. त्यासाठी आम्ही डेटाबेसचे लॉग, म्हणजे कोण काय वाचतं याच्या नोंदी, लावले. पहिल्या आठवड्यात ओळखीचेच प्रोग्राम दिसले. मग महिनाअखेरीला एक रिपोर्ट उगवला, ज्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. आता लॉग वर्षभर चालू ठेवणार आहोत, कारण वर्षातून एकदाच चालणारं काहीतरी तिथे असेल अशी मला दाट शंका आहे.